वर्गात कवितेची झेरॉक्स वाटली तर कॉपीराइट मोडतो का?

मृण्मयी_वाईकर
नमस्कार मंडळी. मी एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात एक पुस्तकविक्रेता शाळेत आला होता. स्टाफरूममध्ये कवितांच्या झेरॉक्सचा गठ्ठा पाहून तो मुख्याध्यापकांना म्हणाला, "सर, हा कॉपीराइटचा गुन्हा आहे. तीन वर्षं आत जाल." सर घाबरले. दुसऱ्याच दिवशी तोंडी फर्मान निघालं: पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही झेरॉक्स करायचं नाही, प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवायचा नाही, स्नेहसंमेलनाची गाणीसुद्धा "विचार करून" घ्यायची.
आता पाठ्यपुस्तकातली एक कविता शिकवताना त्याच कवीची दुसरी मुलांपुढे ठेवायची नाही, तर मग शिकवायचं काय? अपठित उतारा कुठून आणायचा? कायद्यात नेमकं काय आहे ते कुणी सांगेल का? ऐकीव नको, ऐकीव माझ्याकडे भरपूर आहे.

खडू_डस्टर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आमच्या काळी सायक्लोस्टाइल होतं. त्या शाईचे डाग बघूनच पोलिसांनी पकडलं असतं.

टवाळ_कार्टं
तीन वर्षं आत? निदान पेपर तपासणी आणि निवडणुकीची ड्यूटी तरी चुकेल. अर्ज कुठे करायचा?

कलमबहाद्दर
मी विधी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
विक्रेत्याने शिक्षा खोटी सांगितलेली नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पण ही शिक्षा हक्कभंगाला आहे, आणि हक्कभंग कशाला म्हणायचंच नाही त्याची लांबलचक यादी कलम ५२ मध्ये आहे. त्यातलं ५२(१)(झेड) वगैरे आकडे बघून गरगरायला होतं, म्हणून फक्त तुमच्या कामाचं सांगतो. ५२(१)(आय): शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली कोणत्याही कृतीची प्रत, परीक्षेतल्या प्रश्नाचा भाग म्हणून केलेली प्रत आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातली प्रत, हे हक्कभंग नाही. पानांची मर्यादा दिलेली नाही, टक्केवारी नाही, लेखकाला पत्र लिहा असंही नाही.
म्हणजे तुमची कविता चालते. अपठित उताऱ्याला तर परीक्षेचं वेगळं उपकलमच आहे.

मृण्मयी_वाईकर
इतकं सरळ? मग हे दहा टक्क्यांचं काय? "पुस्तकाच्या दहा टक्क्यांपर्यंत चालतं" हे मी प्रशिक्षणातसुद्धा ऐकलंय.

कलमबहाद्दर
आपल्या कायद्यात तो आकडा नाही. बाहेरच्या देशांतल्या विद्यापीठांची नियमावली वाचून कुणीतरी तो इथे रुजवला असणार.
दिल्ली विद्यापीठाचा खटला वाचा. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी म्हणून दुकान होतं. प्राध्यापक वाचनयादी देत, दुकानदार वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून पानाला चाळीस पैशांनी देई. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला खाली पाठवले, पण कायद्याचा अर्थ शिक्षकांच्या बाजूनेच लावला: 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे तासाची घंटा ते घंटा नव्हे. अभ्यासक्रम ठरवण्यापासून परीक्षेपर्यंत सगळं त्यात येतं. यंत्राचं बटण शिक्षकाने दाबलं की दुकानदाराने, यानेही फरक पडत नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. प्रकाशक-लेखकांच्या परवाना संस्थेचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ऐकून घ्यायला नकार दिला.
गंमत म्हणजे ज्यांच्या पुस्तकांवरून दावा होता त्यातले काही लेखकच विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले होते.

ग्रंथपाल_काकू
वाचनखूण साठवली. कलमबहाद्दर, उत्तम प्रतिसाद.

छापखाना
थांबा जरा. इतक्या लवकर हारतुरे नकोत.
मी मराठी पुस्तकं काढतो. छोटा प्रकाशक आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं त्या निकालाने काय बिघडलं? त्यांचा बाजार जगभर आहे. आमची आवृत्ती पाचशेची, कधी तीनशेची, आणि ती खपायला वर्षं जातात. बालकवितांचा एक संग्रह आम्ही रंगीत चित्रांसह काढला. एका शाळेने त्याची एकच प्रत घेतली आणि पूर्ण पुस्तक, मुखपृष्ठासकट, चारही तुकड्यांना झेरॉक्स करून वाटलं. वर कौतुकाने मला फोटो पाठवले! कवयित्रीला मानधन खपलेल्या प्रतींवर मिळतं. त्या शाळेकडून तिला एका प्रतीचं मिळालं.
कायद्यात पानांची मर्यादा नाही, मान्य. पण शिक्षकांना 'काहीही चालतं' एवढंच ऐकू जातं.

खडू_डस्टर
फोटो पाठवले हे मात्र भारी. चोरी करून पावती दिली.

मृण्मयी_वाईकर
@छापखाना, तुमचं म्हणणं पटतं. पण मी संग्रहातल्या दोन कविता घेते आणि वर कवीचं, संग्रहाचं नाव लिहिते. मुलं घरी जाऊन तो संग्रह मागतात, असंही होतं. या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजायच्या का?

कलमबहाद्दर
एका मापाने मोजत नाहीत. खंडपीठाने कसोटी दिली आहे ती हेतूची: विद्यार्थ्याला जे समजावून द्यायचं आहे त्यासाठी जेवढं लागतं तेवढं. दोन कवितांची तुलना करायला दोन कविता लागतात. चार तुकड्यांना अख्खा चित्रसंग्रह मुखपृष्ठासकट लागतो, हे छापखान्यांच्या त्या शाळेला न्यायाधीशांपुढे सांगताना घाम फुटला असता.

कोल्हापुरी_पायताण
मी स्वतः विद्यार्थी असताना अख्खी पुस्तकं झेरॉक्स करून इंजिनिअर झालोय. पाचशे पानांचं परदेशी पुस्तक, किंमत आमच्या मेसच्या दोन महिन्यांएवढी. स्पायरल बाइंडिंगवाल्याचा फोटो घरात लावायला हवा. तेव्हा प्रकाशकसाहेब, राग मानू नका.

छापखाना
राग नाही. पण तुम्ही म्हणता त्या पुस्तकाची किंमत मेसच्या दोन महिन्यांएवढी होती. आमचं पुस्तक दोन वडापाव आणि चहात येतं.

टवाळ_कार्टं
कुठल्या स्टेशनवरचा वडापाव? त्यावर ठरवू.

क्लासवाले_सर
माझा दहावीचा छोटा क्लास आहे. मी शिक्षक आहे, पोरं विद्यार्थी आहेत. मग मलाही ५२ लागू ना? आमच्या छापील नोट्समध्ये इकडचे तिकडचे उतारे असतात.

कलमबहाद्दर
कलमात 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' एवढेच शब्द आहेत, 'ना-नफा शाळा' असं म्हटलेलं नाही. तेव्हा वर्गात फळ्यावर उतारा लिहिलात, त्याची प्रत वाटलीत, तर तुमच्या बाजूने बोलता येईल. मात्र नोट्स बांधून, मुखपृष्ठ लावून, बाहेरच्या मुलांनाही विकत असाल तर तुम्ही प्रकाशक झालात. शिकवण्यासाठी संकलन छापायचं तर वेगळं उपकलम आहे आणि ते कडक आहे: संकलनातला बहुतांश मजकूर कॉपीराइट नसलेला हवा, उतारे छोटे हवेत, आणि संकलन काढणाऱ्या प्रकाशकाने एकाच लेखकाच्या साहित्यातून पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त उतारे छापलेले नकोत.
गणिताच्या गाइडांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाचाच २००८ चा निकाल आहे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं पायरी-पायरीने सोडवून देणारं गाइड म्हणजे मूळ पुस्तकाची नक्कल नव्हे, असं त्यात म्हटलंय. त्यावरून मराठीची गाइडंही सुटली असं समजू नका. गणिताचं उदाहरण आणि कथेतला परिच्छेद यांत फरक आहे.

क्लासवाले_सर
म्हणजे गणितवाले सुटले, भाषावाले अडकले. आयुष्यभर हेच बघतोय.

ग्रंथपाल_काकू
मूळ प्रश्नाच्या थोडं बाजूला जाते, पण मराठीच्या शिक्षकांना उपयोग होईल. किती तरी साहित्य आता मुक्त आहे आणि कुणाला पत्ताच नसतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. आधी पन्नास होती, १९९२ मध्ये साठ केली, कारण रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले आणि त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपत होता.
आता आपल्याकडे बघा. केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ आपटे हे तर केव्हाच मुक्त. भा. रा. तांबेही. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' छापा, वाचा, ध्वनिमुद्रित करा, कुणाला विचारू नका. मर्ढेकर २०१७ पासून. सावरकर १९६६ मध्ये गेले, म्हणून २०२६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क आणि २०२७ पासून मुक्त. कुसुमाग्रज आणि पु. ल. यांच्यासाठी मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना फार थांबावं लागेल. २०६० आणि २०६१!

नाट्यवेडा
बहिणाबाई? त्या १९५१ मध्ये गेल्या ना?

ग्रंथपाल_काकू
हो, पण गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. अशा वेळी साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. तरीही २०१३ पासून मुक्तच. मात्र नंतर कुणी लावलेली चाल आणि कुणी केलेलं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. ज्ञानेश्वरीचंही तसंच. ओव्या सगळ्यांच्या, पण एखाद्या अभ्यासकाने अलीकडे लिहिलेला अर्थ आणि टीपा त्याच्या.

तबलजी
चालींचा विषय निघालाच आहे तर स्नेहसंमेलनाचं सांगा. आमच्या शाळेत मुलांनी चित्रपटगीतावर नाच केला, एका पालकांनी तो शाळेच्या यूट्यूब चॅनलवर चढवला, आणि दुसऱ्या दिवशी आवाज गायब. पोरं मुक्याने नाचतायत! मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं आता नोटीस येणार.

कलमबहाद्दर
दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
शाळेत नाच करणं, नाटक करणं, गाणं वाजवणं याला ५२(१)(जे) आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग चालतो. चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवायचं-ऐकवायचं तर प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच हवेत. मृण्मयीताईंचा प्रोजेक्टर इथे सुटतो. गावजेवणासारखं सगळ्या गावाला बोलावून तिकीट लावलंत तर नाही सुटत.
यूट्यूबवर चढवणं म्हणजे प्रेक्षकांत सगळं जग. तिथे हे उपकलम मदतीला येत नाही. शिवाय आवाज बंद करण्याचं काम यंत्र करतं, कंपनीने दिलेल्या नमुन्याशी जुळवून. तो 'क्लेम' असतो, गुन्हा नव्हे. व्हिडिओ खाजगी ठेवून पालकांना दुवा पाठवा, किंवा मुलांना पेटी-तबल्यावर गायला लावा आणि गाणं काकूंच्या यादीतलं निवडा.

तबलजी
पेटी-तबल्यावर गायला लावा! हे वाक्य फ्रेम करून शाळेत लावतो. डीजेवाल्याचं बजेट माझ्याकडे वळवा.

नाट्यवेडा
एक भर. स्नेहसंमेलनात केलेली एकांकिका पुढे स्पर्धेला नेणार असाल तर लेखकाचं परवानगीपत्र लागतंच, आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही. ऐन वेळी धावपळ करणाऱ्या शाळा दर वर्षी बघतो. लेखकाला आधी फोन करा. बहुतेक जण शाळेला आनंदाने हो म्हणतात. न विचारता नाव गाळून केलं की मात्र चिडतात, आणि चिडायलाच हवं.

न्यूजर्सीवाली_शाळा
इकडून लिहिते. आम्ही दर रविवारी मराठी शाळा भरवतो, शिकवणारे सगळे स्वयंसेवक पालक. आमच्यातल्या बऱ्याच जणांची समजूत अशी की पुस्तक भारतातलं म्हणजे भारताचा कायदा. तसं नाही, प्रत जिथे काढता तिथला कायदा लागतो. अमेरिकेत 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर, ठरवायला चार गोष्टी बघतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. चौथी वाचली की छापखान्यांची तीनशेची आवृत्तीच डोळ्यांपुढे येते. समोरासमोर वर्गात चित्रपट दाखवायला ना-नफा शिक्षणसंस्थांना वेगळी सवलत आहे. झूमवर शिकवताना लागू होणारा २००२ चा कायदा मात्र मान्यताप्राप्त संस्थांपुरता आहे, आमच्यासारख्या रविवारच्या शाळांना तो पुरत नाही.
आम्ही सरळ पुस्तकं मागवतो. डाकखर्च पुस्तकापेक्षा जास्त, पण मुलांच्या हातात मराठी पुस्तक असणं हेच तर हवंय.

छापखाना
@न्यूजर्सीवाली_शाळा, व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे. डाकखर्चाचं बघू काहीतरी.

नवखा_२०४
सर दहावी मराठी सर्व धड्यांच्या नोट्स पीडीएफ मिळेल का प्लीज लिंक टाका

टवाळ_कार्टं
धाग्याचं सार्थक झालं.

कोल्हापुरी_पायताण
हसू नका, खरा प्रश्न इथेच आहे. झेरॉक्सचा जमाना गेला. आमच्या सौ. शिक्षिका आहेत. त्यांच्या केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, विषयाचा ग्रुप, सगळीकडे अख्ख्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. 'शैक्षणिक उपयोगासाठी' असं वर लिहिलं की पवित्र होतं म्हणे.

कलमबहाद्दर
त्या ओळीला कायद्यात शून्य किंमत आहे. सवलत आहे ती शिक्षक-विद्यार्थी या नात्याला आणि शिकवण्याला. तालुक्याच्या दोनशे शिक्षकांना अख्खी कादंबरी पाठवताना तुम्ही कुणाला शिकवत नसता. तुमच्याच वर्गाच्या बंद गटात उद्याच्या पाठाची दोन पानं टाकणं मी तरी शिकवण्याचा भाग मानतो. उघडं टेलिग्राम चॅनल म्हणजे वाटप.
श्रेय देण्याबद्दलही तेच. नाव लिहिणं हे कर्तव्य आहे, त्याने परवानगी मिळत नाही.

छापखाना
+१००. आणि ती पीडीएफ कुणी तरी मोबाइलवर फोटो काढून केलेली असते, बोटं दिसतात पानावर.

गणिताची_जोशीबाई
मी आतापर्यंत वाचनमात्र होते. शिक्षकांनाच हा कायदा कधी लागेल ते कुणी बोलत नाही. टेलिग्रामवर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जो खटला गाजला, त्यात फिर्याद घेऊन गेली होती एक शिकवणारी बाईच. तिची पुस्तकं आणि व्याख्यानं चॅनलांवर फुकट फिरत होती. न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली.
माझंही तसंच झालं. लॉकडाऊनमध्ये घरच्या भिंतीला फळा टेकवून भूमितीचे व्हिडिओ केले. ते एका अॅपवर पैसे घेऊन दिसले, माझा आवाज, माझे हात, फक्त नाव कापलेलं. संस्थेत विचारलं तर म्हणाले, तुम्ही नोकरीत असताना केलेत, हक्क आमचा, आम्ही बघू. बघितलं काही नाही. तो हक्क खरंच त्यांचा का?

कलमबहाद्दर
कलम १७(सी): नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. तेव्हा नेमणूकपत्र काढून वाचा. सुट्टीत, स्वतःच्या साधनांनी, नेमून दिलेल्या कामाबाहेर केलं असेल तर तुमचा दावा पक्का. आणि मालक कुणीही असो, लेखिका म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो. नाव कापलं याची तक्रार करता येते.
आणखी एक. याच कायद्यात 'सादरकर्ता' कोण त्याची यादी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि... व्याख्यान देणारी व्यक्ती. म्हणून व्याख्यानावर सादरकर्त्याचा हक्कही आहे.

खडू_डस्टर
गारुडी आणि शिक्षक एका ओळीत. नववी 'ड' च्या वर्गावर जाऊन आलेला माणूसच असा कायदा लिहू शकतो.

तबलजी
पुंगी कुणाच्या बजेटमधून?

उजेडाची_शाळा
मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात, म्हणजे ब्रेल, ध्वनी, मोठी अक्षरं, प्रत करायला आणि ती मुलांना द्यायला मुभा आहे, नफा न घेता. दृष्टिहीन वाचकांसाठीच्या मराकेश कराराला सगळ्यांत आधी, २०१४ मध्ये, मंजुरी देणारा देश भारत. तरीही पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचं म्हटलं की स्वयंसेवक विचारतात, "कॉपीराइटचं काही होणार नाही ना?" इथे अख्खं पुस्तक करता येतं. घाबरू नका, आवाज द्या.

ग्रंथपाल_काकू
हे माहीत नव्हतं! आमच्या वाचकांत तिघी-चौघी छान वाचणाऱ्या आहेत. व्यनि करते.
आणि मृण्मयी, मोकळं साहित्यही आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. नाव देऊन छापा, बदला, पुन्हा लिहा. बालभारतीची पुस्तकं उतरवून घेता येतात, पण आतल्या पानावर लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करू नये असं लिहिलेलं असतं. फुकट मिळणं म्हणजे मुक्त असणं नव्हे.

मृण्मयी_वाईकर
सगळ्यांचे आभार. कलम ५२ ची ती दोन उपकलमं छापून सरांच्या टेबलावर ठेवली. (कायदा छापायला कॉपीराइट नाही ना?) सर म्हणाले, झेरॉक्सवर कवीचं, पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव हवं, आणि ज्या संग्रहातून दोनपेक्षा जास्त कविता घ्याल तो वाचनालयासाठी विकत घ्यायचा. मला हे आवडलं. छापखाना, तुमचा बालकवितांचा संग्रहही यादीत टाकतेय, नाव व्यनिने कळवा.
चित्रपटाचं अडलंय. सरांचं म्हणणं, कायदा हो म्हणतो, पण माझं ओटीटीचं खातं 'वैयक्तिक वापरासाठी' आहे.

कलमबहाद्दर
सर बरोबर आहेत. कायदा वेगळा, तुम्ही त्या कंपनीशी केलेला करार वेगळा. डीव्हीडी मिळाली तर ती दाखवा. किंवा जुना चित्रपट निवडा, चित्रपटाचा हक्क प्रदर्शनापासून साठ वर्षं असतो. अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, तो २०१४ पासून मुक्त आहे. पुस्तक आणि चित्रपट दोन्ही मोकळे, दोन तासिकांचा पाठ तयार.
आणि हो, कायदा बिनधास्त छापा. त्यालाही ५२ मध्येच जागा आहे, फक्त सोबत त्यावरचं भाष्य किंवा दुसरा काही स्वतंत्र मजकूर हवा.

सातवीची_आई
उशिरा आले. शाळेच्या वार्षिक अंकात मुलांच्या कविता छापतात. माझ्या लेकीची कविता एका स्थानिक साप्ताहिकाने अंकातून उचलली, नाव शाळेचं टाकलं. तिचा काही हक्क असतो का? ती बारा वर्षांची आहे.

कलमबहाद्दर
पूर्ण असतो. हक्काला वयाची अट नाही. कवितेची मालक ती, शाळा नव्हे. छापायची परवानगी द्यायची वेळ आली की पालक सही करतात, एवढंच. साप्ताहिकाला पत्र टाका, पुढच्या अंकात नाव छापतील.

खडू_डस्टर
आमच्या अंकातल्या निम्म्या कविता मुलांच्या आयांनीच लिहिलेल्या असतात. त्यांचं काय?

कलमबहाद्दर
मग हक्क आईचा. नाव मात्र मुलाचं छापलेलं, त्यामुळे सिद्ध करायची जबाबदारीही आईवर.

सातवीची_आई
ही तिनेच लिहिली आहे हो! शेवटचं कडवं सोडून.